तिसऱ्या घंटेनंतर मी हात मांडीवर ठेवते

आमच्याकडे पाहुणे आले की आई सांगते, ही विद्यापीठात नाटकाच्या विभागात गाणी लावते. मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. खरं तर प्रयोग चालू असताना मी एकही बटण दाबत नाही, बटण दाबायला एमएच्या पहिल्या वर्षातलं कोणीतरी बसलेलं असतं आणि मी त्याच्या मागच्या खुर्चीवर. विभागात जी काही नाटकं, एकांकिका, परीक्षेचे प्रवेश होतात त्यात जे ऐकू येतं आणि पडद्यावर किंवा भिंतीवर जे उमटतं ते नीट चाललं पाहिजे ही माझी जबाबदारी, आणि ते मुलांच्याच हातून चाललं पाहिजे हीसुद्धा माझीच, कारण ती शिकायला आलीयेत. या दोन्हींचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

मग त्यात एवढं कळायचं काय असतं, असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. गणित थोडं येईल पण पाचवीच्या वरचं नाही.

सुरुवात नेहमी एकाच वाक्याने होते. दिग्दर्शक मुलगा तालमीला शेवटच्या रांगेत जाऊन बसतो आणि तिथून ओरडतो, मॅम, मागे काही ऐकू येत नाहीये, माईक वाढवा ना. मी म्हणते बरं, आणि वाढवते, आणि दोन सेकंदात हॉलभर ती शिट्टी घुमते जी प्रत्येकाने गणपतीच्या मंडपात ऐकलेली असते. माईकला माणूस आणि स्पीकर यातला फरक कळत नाही. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज फिरून माईकमध्ये जातो, तो पुन्हा वाढून स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये, आणि ज्या सुराला ही फेरी सगळ्यात सोपी पडते तो सूर किंचाळायला लागतो. म्हणजे माईक किती वाढवता येईल याला एक छत आहे आणि ते छत मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या, खुंटीवर ठरत नाही, माईक तोंडापासून किती लांब आहे आणि स्पीकर माईकपासून किती लांब आहे यावर ठरतं. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप) पडतो, दहापट झालं की 20 ने. गळ्याशी लावलेला छोटा माईक तोंडापासून 20 सेंटिमीटरवर, वर टांगलेला माईक 2 मीटरवर, म्हणजे दहापट, म्हणजे टांगलेल्या माईकला नटाचा आवाज 20 डेसिबल कमी पोचतो आणि पंख्याची घरघर, लेव्हलवर, म्हणजे स्टेजवरच्या लाकडी चौथऱ्यांवर, आपटणारे पाय, विंगेतली कुजबुज मात्र अगदी व्यवस्थित पोचते. मग मुलं म्हणतात अजून दोन माईक टांगूया. त्याने उलटंच होतं, कारण एकाचे दोन उघडे माईक केले की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा 3 डेसिबलने कमी होते, दोनाचे चार केले की अजून 3, चाराचे आठ केले की अजून 3. माईक वाढवत गेलं की नाटकाचा आवाज लहान होत जातो हे पटायला त्यांना एक पूर्ण सेमिस्टर लागतं.

माझं स्पष्ट मत आहे की 200 खुर्च्यांच्या हॉलमध्ये गद्य नाटकाला माईक लागत नाही. 1880 साली पुण्यात किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल उभं केलं तेव्हा माईक नव्हता, वीजही नव्हती, आणि लोक गाणीसुद्धा मागच्या रांगेत बसून ऐकत होते. हे सांगितलं की पोरं मनातल्या मनात डोळे फिरवतात, मॅम सुरू झाल्या. ठीक आहे, तेव्हाची गाण्याची आणि बोलण्याची पद्धतच आवाज फेकण्याची होती, आज आपल्याला कुजबुजता संवाद हवा असतो, मान्य. पण दहातल्या सात वेळा नटाचा आवाज कमी नसतोच, खालचं संगीत जास्त असतं. आपल्याला शब्द कळतो तो बराचसा व्यंजनांवरून, स, श, त, च, क यांच्यावरून, आणि यांची ताकद मुळात कमी असते, ती 2000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 2000 कंपनांच्या, वरच्या पट्ट्यात राहतात. त्याच पट्ट्यात व्हायोलिन नाहीतर बासरी चालू ठेवली की आई आणि आत्या एका वेळी बोलतात तसं होतं, दोन्ही ऐकू येतं आणि कळत काहीच नाही. मग मी नटाला हात न लावता संगीताचा तेवढा पट्टा 4-5 डेसिबल खाली घेते आणि मागून आवाज येतो, हां मॅम, आता वाढला. मी थँक्यू म्हणते.

आता वेळेबद्दल, माझा सगळ्यात आवडता भाग. आवाज चालत येतो, उडत नाही. आपल्याकडच्या हवेत तो सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदात एक फुटाहून जरा जास्त. ऐकायला भारी वेग वाटतो, पण हॉलमध्ये पुढे दोन मोठे स्पीकर आणि मागच्या लोकांसाठी 12 मीटर अंतरावर अजून दोन लावले, आणि सगळ्यांना एकच वायर दिली, तर मागे बसलेल्याला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी येणार आणि पुढचा 35 मिलिसेकंद उशिरा. कान कसा वागतो तर तोच आवाज थोड्या अंतराने दोनदा आला तर तो दोन्ही जोडून एकच धरतो, आणि आधी आलेला जिथून आला तिथे नट उभा आहे असं समजतो. 1949 साली हेल्मुट हास नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे मोजून मांडलं. त्यामुळे मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला नायिका समोर रडताना दिसते आणि तिचा हुंदका मात्र डोक्यावरच्या डब्यातून येतो, आणि त्याला कळत नाही नक्की काय खटकतंय, तो फक्त म्हणतो साउंड काही खास नव्हता. उपाय अगदी फुकट आहे, मागच्या स्पीकरला मिक्सरमधूनच 35 अधिक दहाएक मिलिसेकंद उशीर लावायचा. मग समोरचा आवाज आधी पोचतो, मागचा त्याच्या मागोमाग येऊन त्याला नुसता टेकू देतो, आणि मागचा जरा मोठा असला तरी कान म्हणतो आवाज स्टेजवरूनच आला. पहिल्यांदा मुलांना हे ऐकवते तेव्हा मागचे स्पीकर चालू आहेत यावर ती विश्वास ठेवत नाहीत, उठून जाऊन त्याला कान लावून बघतात. दरवर्षी एक तरी जातोच.

मात्र हे सगळं तालमीत जमवलेलं असतं, म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये, आणि प्रयोगाला माणसं येतात. यावरून एक गोष्ट सांगते, तीही एका विद्यापीठातलीच आहे. 1895 साली हार्वर्डला एक नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात व्याख्यानच ऐकू येईना, एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे प्राध्यापकाचं पुढचं अख्खं वाक्य मागच्या वाक्यात कालवलं जायचं. दुरुस्तीचं काम वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण मास्तरवर आलं. त्याने रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, या हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून घुमणं किती वेळ टिकतं ते घड्याळावर मोजायचं, आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत नेऊन ठेवायच्या. यातून जे सूत्र निघालं ते आज जगभर वापरतात: घुमण्याचा वेळ म्हणजे हॉलचं घनफळ गुणिले 0.161, भागिले आतल्या सगळ्या वस्तू मिळून आवाज किती शोषतात तो आकडा. माणूस हा अंगावरच्या कपड्यांसकट चांगला शोषक आहे. 200 जण येऊन बसले की हॉल एकदम कोरडा होतो, तालमीत छान घुमणारा तंबोरा प्रयोगात पातळ वाटतो, आणि ऑपरेटर घाबरून सगळंच वाढवत सुटतो. म्हणून रंगीत तालमीला मी मुलांना होस्टेलवरून गोधड्या, चादरी, बेडशीटं आणायला लावते आणि खुर्च्यांवर टाकते. इतर विभागांना वाटतं आमच्याकडे कोणीतरी आजारी आहे.

गुणगुणीबद्दल थोडक्यात. स्पीकरमधून सतत येणारा तो घूंऽऽ म्हणजे बहुतेक वेळा आपली 50 हर्ट्झची वीज ऑडिओच्या वायरीत शिरलेली असते. लाइटचे डिमर, म्हणजे दिवे कमीजास्त करणारी यंत्रं, यात पहिले गुन्हेगार, त्यांच्या केबलींना समांतर माईकची केबल टाकली की दिवे मंद होताना ती गुणगुण जास्त कर्कश होते, म्हणून दोघांना लांब ठेवायचं आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडायचं. दुसरा गुन्हेगार लॅपटॉपचा चार्जर. एका तालमीत आम्ही साडेतीन तास सगळ्या केबली बदलल्या, आणि शेवटी एका मुलीने फोन चार्ज करायला म्हणून लॅपटॉपचा प्लग काढला आणि हॉल एकदम शांत. त्यानंतर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे डीआय बॉक्स नावाची एक डबी आली, जी दोघांचा विजेचा संबंध तोडते आणि आवाजाचा तेवढा ठेवते. साधी हजार-दोन हजाराची वस्तू, पण ती मंजूर करून घ्यायला तीन सह्या लागल्या.

आता प्रोजेक्शन. इथे माझं मत जरा कडवट आहे. नाटकात पडद्यावर चित्र टाकणं काही नवं नाही, बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोर 1920 च्या दशकात स्टेजवर फिल्म दाखवत होता, 1958 साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात प्रागच्या लोकांनी लॅटेर्ना माजिका उभं केलं त्यात जिवंत नर्तक आणि पडद्यावरची माणसं एकमेकांशी खेळत होती. पण तिथे चित्राला काहीतरी काम होतं. आमच्याकडे पहिला हट्ट असा असतो की गाव दाखवायचंय म्हणून मागे गावाचा फोटो. नट म्हणतो, आलो बाबा गावाला, आणि मागे गाव. मग नट कशाला आहे.

गेल्या वर्षी एकाला मागच्या अख्ख्या सायकवर, म्हणजे स्टेजच्या मागच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यावर, पाऊस हवा होता. सायक 8 मीटर रुंद, चित्र साडेचार मीटर उंच. विभागाचा प्रोजेक्टर 5000 ल्युमेनचा. हा 5000 आकडा लोकांना फार मोठा वाटतो, पण ल्युमेन म्हणजे हंड्यातलं पाणी समजा, ते जेवढ्या अंगणात शिंपडाल तेवढं पातळ होणार. 8 गुणिले साडेचार म्हणजे 36 चौरस मीटर, 5000 भागिले 36 म्हणजे प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला 139, त्या मापाला लक्स म्हणतात. आणि नटाच्या चेहऱ्यावर जे दिवे टाकतो तिथे सहज 500-600 लक्स असतात आणि त्यातला बराचसा उडून मागच्या सायकवर सांडतो. म्हणजे पाऊस दिसावा म्हणून नट अंधारात, किंवा नट दिसावा म्हणून पाऊस गायब. प्रकाशयोजना करणारा आणि दिग्दर्शक यावर दोन दिवस भांडले, दोघं आपापल्या जागी बरोबर होते, आणि भांडून 139 चे 140 होत नाहीत.

शिवाय प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, हे बऱ्याच जणांना आयुष्यात कधी सुचलेलंच नसतं. तो फक्त उजेड टाकू शकतो, काळं म्हणजे उजेड अडवणं, आणि तो पूर्ण अडत नाही. त्यामुळे ब्लॅकआऊट घेतला की सायकवर एक राखाडी चौकोन उरतो, भुतासारखा. महागड्या प्रोजेक्टरात झडप असते. आमच्यात पुठ्ठा, बिजागरी आणि सुतळी आहे, ब्लॅकआऊटच्या क्यूला, म्हणजे ठरलेल्या इशाऱ्याला, एक मुलगा सुतळी ओढतो आणि लेन्सपुढे पुठ्ठा येतो. लाज वाटायचं काही कारण नाही, काम तेच होतं.

तर त्या पावसाचं पुढे काय झालं. नाटकात एक दोरी होती, त्यावर एक पांढरं धोतर वाळत घातलेलं, आजोबांचं, पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत तिथेच. मी विचारलं पाऊस अख्ख्या आभाळात कशाला, धोतरावर पडला तर? 2 मीटर रुंद चित्र, उंची सव्वा मीटरच्या आत, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. तेच 5000 ल्युमेन, भागिले सव्वादोन, 2200 लक्स. मागून टाकल्यावर कापडात अर्धं अडलं तरी दिव्यांना पुरून उरतं. आणि अंतराचं गणितही सुटलं, कारण आमच्या लेन्सला चित्र जेवढं रुंद हवं त्याच्या दीडपट मागे जावं लागतं, 8 मीटरच्या चित्राला 12 मीटर, म्हणजे मागून टाकायचं तर हॉलची भिंत फोडून पार्किंगमध्ये, आणि 2 मीटरला 3 मीटर, जे विंगेच्या मागे आरामात बसलं. एक अडचण आली, पातळ कापडातून लेन्सचा पांढरा ठिपका प्रेक्षकाच्या डोळ्यात घुसत होता, मग प्रोजेक्टर टेबलावरून काढून उंच शिडीच्या माथ्याला बांधला आणि खाली झुकवला, म्हणजे लेन्स, कापड आणि डोळा एका रेषेत येत नाहीत. झुकवल्यामुळे चित्र खाली फाकलं तर ते चारी कोपरे धरून सॉफ्टवेअरमध्ये ओढून सरळ केलं, त्यात थोडे पिक्सेल वाया जातात पण पावसात कोण मोजतंय. प्रयोगाला धोतर पंख्याच्या वाऱ्याने हलायचं आणि पाऊस त्याच्याबरोबर हलायचा. तो भाग कोणी ठरवलेला नव्हता.

हे सगळं जमवून झालं की ते एका बटणावर आणायचं. मोठ्या ठिकाणी मॅकवर क्यूलॅब नावाचं, आवाज आणि चित्रं क्रमाने सोडणारं सॉफ्टवेअर चालतं, आमच्याकडे लिनक्स शो प्लेअर आहे कारण तो फुकट आहे. साध्या गाण्यांच्या प्लेअरवर प्रयोग चालवू देत नाही, कारण तो एक गाणं संपलं की स्वतःच्या मनाने पुढचं लावतो आणि मयताच्या प्रवेशात लावणी सुरू होते. ब्लूटूथला तर हात लावू देत नाही, बटण दाबल्यावर आवाज यायला दीडदोनशे मिलिसेकंद सहज लागतात. आणि पडद्यावर माउसचा बाण राहणार नाही हे आधी बघायचं, एकदा तो नायिकेच्या बरोबर नाकावर बसला होता आणि ती बिचारी मागे काय चाललंय म्हणून लोक का हसतायत ते शोधत होती.

बटण कधी दाबायचं हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. समजा थोबाडीत मारण्याचा आवाज आहे. नवीन ऑपरेटर हाताकडे बघतो, हात गालाला लागलेला दिसला की दाबतो, आणि आवाज उशिराच येतो, कारण डोळ्याने बघून बोट हलायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातोच, हुशारीचा काही संबंध नाही. म्हणून मी सांगते हाताकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ. हात निघायच्या आधी खांदा मागे जातो. खांदा मागे गेला की बोट बटणावर टेकवायचं, पुढे सुटला की दाबायचं. एका मुलीने हे इतकं मनावर घेतलं की ती तालमीला यायची आणि नुसती खांदे बघत बसायची, संवाद पाठ, खांदे पाठ, आणि तिच्या प्रयोगात थोबाडीतला आवाज असा बसला की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी अगं बाई म्हणून तोंडावर हात ठेवला.

एक कायद्याची गोष्ट, कारण ती माझ्याच गळ्यात येते. मुलं कुठल्याही सिनेमाचं पार्श्वसंगीत उचलून आणतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेला सूट आहे, पण ती प्रेक्षक संस्थेतलेच असतील, म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील, तेव्हा. तिकीट लावून गावाला बोलवायचं ठरलं की ती सूट धरून बसता येत नाही, मग परवानगी काढा नाहीतर विभागातल्या तबलेवाल्याला आणि हार्मोनियमवालीला बसवून स्वतःच्या चाली वाजवून रेकॉर्ड करा. मी दुसराच मार्ग रेटते. त्यात ती भांडतात, लय शिकतात आणि मला रात्री अकरा वाजता फोन करतात.

मग प्रयोगाचा दिवस. पहिली घंटा, दुसरी घंटा, हेडसेटवर स्टेज मॅनेजर म्हणते क्यू एक स्टँडबाय, ऑपरेटर म्हणतो स्टँडबाय, तिसरी घंटा, गो. तिथून पुढे दीड तास मी हात मांडीवर ठेवते. हे वाचायला सोपं आहे. परवाच्या प्रयोगात सातव्या क्यूला मुलाने आठवा दाबला, पावसाऐवजी रेल्वे आली, आणि माझा हात खरंच पुढे गेला होता. पण त्याने स्वतःच रेल्वे हळूहळू खाली घेतली, तिच्या पोटातून पाऊस वर आणला, आणि स्टेजवरच्या मुलीने रेल्वे ऐकून खिडकीकडे एकदा बघितलं आणि पुढचा संवाद म्हटला. प्रेक्षकांना कळलं नाही. त्याची मान घामाने भिजली होती ती मला मागून दिसत होती. मी हात परत घेतला.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाला लोक भेटायला येतात, आम्ही केबली गुंडाळतो. एक वेटोळं सरळ, एक उलटं, म्हणजे आतल्या तारेला पीळ पडत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. माईकच्या बॅटऱ्या काढायच्या, घाम पुसायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं काय बिघडलं. आणि तेवढ्यात हॉलचे मामा मेन स्विच पाडायला येतात, कारण त्यांची शेवटची बस दहा पन्नासची, आणि आम्ही दरवेळी ओरडतो, मामा, दोन मिनिटं, प्रोजेक्टरचा पंखा फिरतोय अजून, दिवा गरम आहे. मामा स्विचला हात लावून उभे राहतात आणि आम्ही सगळे शिडीखाली मान वर करून पंखा थांबायची वाट बघतो.